खुनी कळला, मग पुढे?

महाडच्या एसटी स्टँडवर पोलादपूरच्या गाडीची वाट बघत एका जाणत्या गृहस्थांनी परवा फतवा काढला: जुने रहस्यपट मेले. का? तर मोबाईलच्या काळात त्यातली कोडी एका फोनवर सुटतील, मध्येमध्ये गाणी कडमडतात, माल सगळा विलायतेतून उचललेला, आणि मुख्य म्हणजे खुनी एकदा कळला की खेळ खलास.

मोबाईलवाल्यांनी भर पावसात आंबेनळी घाटात रेंज शोधून दाखवावी. गाण्यांचा राग असेल तर 'कानून' (१९६०) आणि 'इत्तेफाक' (१९६९) बघावेत. दोन्हींत औषधालाही गाणं नाही. आणि उचलेगिरी? जयंत देवकुळ्यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर राजा परांजप्यांनी १९६४ साली 'पाठलाग' काढला. दोन वर्षांनी त्याचाच हिंदीत 'मेरा साया' झाला. इथे उचल कुणी कुणाकडून केली?

आता 'खेळ खलास'. हिचकॉकने 'सायको' (१९६०) सुरू झाल्यावर प्रेक्षकांना आत सोडू दिलं नाही, हा यांचा हुकमी एक्का. पण त्याच हिचकॉकने 'डायल एम फॉर मर्डर'मध्ये (१९५४) नवऱ्याचा बेत सुरुवातीलाच उघड केला. खुनामागे कोण, हे आपल्याला ठाऊक. तरी जीव अडकतो जिन्यावरच्या गालिच्याखालच्या एका किल्लीत. 'व्हर्टिगो'त (१९५८) तर नायकाच्या कितीतरी आधी गुपित आपल्या हाती येतं आणि खरी घालमेल तिथून सुरू होते. कशेडीचं वळण न् वळण पाठ असलेला ड्रायव्हरसुद्धा धुक्यात पुढे वाकूनच गाडी हाकतो ना?

हे भांडण जुनंच. वाचनालयाच्या कमिट्यांत 'रहस्यकथा हे वाङ्मय का?' यावर चहाच्या किटल्या रिकाम्या व्हायच्या. 'नाही' म्हणणारेच ती पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालून घरी न्यायचे!

माझं म्हणणं एवढंच: पडद्यावरच्या माणसाला सावध करता येत नाही, ही तगमग शेवट कळल्याने कमी होत नाही, वाढते. 'पाठलाग' पहिल्या खेपेला बघताना आपण कोर्टातल्या, नायकाच्या मेलेल्या बायकोसारख्या दिसणाऱ्या बाईला न्याहाळतो. दुसऱ्या खेपेला नजर नायक झालेल्या काशिनाथ घाणेकरांवरून हलत नाही: समोर मेलेल्या बायकोचा चेहरा आणि त्यावर विश्वास ठेवायची छाती नाही.

ज्यांना नुसतं नावच हवं, त्यांनी पोलिसांचं आरोपपत्र वाचावं. त्यात नाव पहिल्याच पानावर मिळतं आणि मध्ये गाणंही येत नाही.