इकडचे तिकडचे : परत येणार ना?

चकल्या, अनारसे आणि बेसनाचे लाडू यांनी अलीकडे विमानप्रवासाचा चंगच बांधला आहे. नवरात्र संपता संपता दादरच्या किंवा पुण्याच्या एखाद्या फराळवाल्याच्या दुकानी जाऊन उभे राहा. पुढची चार गिऱ्हाइके न्यू जर्सीचा नाहीतर कॅलिफोर्नियाचा पत्ता सांगताना ऐकू येतील. लाडवाची तिकडे फार तर जकात विचारतील. ‘बाबा रे, तू परत केव्हा जाणार?’ असे लाडवाला कोणी विचारीत नाही. माणसाला मात्र तेच विचारतात.

वर्षभरात या सदराकडे जी पत्रे आली, त्यांत या विषयावरची मी बाजूला काढून ठेवीत होतो. दिवाळी अंकात जरा पाय पसरून बसायला जागा मिळते, म्हणून आज ती उघडली आहेत. कोणाच्या लेकीचे बाळंतपण आहे, कोणाचा नातू पदवी घेणार आहे, कोणाच्या सुनेला तिकडे नोकरी करता येईल की नाही याची काळजी आहे. आणि बहुतेकांची तक्रार एकच, की ही बी काय, एफ काय, एच काय, अक्षरांची भानगड तरी काय आहे?

भानगड मुळात साधी आहे. १९५२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने परकीयांच्या प्रवेशाचा कायदा केला. त्यातल्या एका कलमात, कायमचे न राहता तात्पुरते येणारे लोक कोण कोण, याची यादी दिली आणि तिच्या पोटकलमांना ए, बी, सी अशी अक्षरे घातली. तीच अक्षरे पुढे व्हिसाला चिकटली. ए म्हणजे राजदूत आणि सरकारी मंडळी, बी म्हणजे कामानिमित्त किंवा सहज भेटीला येणारा पाहुणा, एफ म्हणजे विद्यार्थी. त्या वेळी ही यादी आय या अक्षरापाशी संपत होती. आय हे वृत्तपत्रवाल्यांचे अक्षर. आम्हां लेखणीवाल्यांना रांगेत शेवटी उभे करण्याची रीत तिकडेही आहे म्हणायची! पुढे १९६१ साली जे आले, १९७० साली के आणि एल आले, १९९० साली ओ, पी, क्यू, आर अशी एकदम चौकडी आली आणि २००० सालापर्यंत गाडी व्हीपर्यंत जाऊन पोचली.

यांतली काही अक्षरे आपल्याकडे चांगली रुळलेली आहेत. रत्नागिरीचा किंवा गोव्याचा बोटीवर चढणारा खलाशी सी आणि डी अशी जोडअक्षरे घेऊन निघतो. डीवर बंदरात उतरला तर त्याला एका वेळी फार तर २९ दिवस राहता येते. देवळातले पुजारी आर या अक्षरावर जातात, त्यांना जास्तीत जास्त पाच वर्षे. आपली संस्कृती दाखवायला येणाऱ्या कलावंतांसाठी पी हे अक्षर आहे. तिकडच्या नागरिकाशी लग्न ठरलेल्या मुलीला किंवा मुलाला के मिळतो, पण उतरल्यापासून नव्वद दिवसांत लग्न उरकावे लागते. मुहूर्त आषाढात नाही, म्हणून थांबतो म्हटलेले चालत नाही. ई हे अक्षर व्यापाऱ्यांचे आहे, पण ज्या देशांशी अमेरिकेचा तसा करार आहे त्यांच्यापुरतेच, भारताशी नाही. तेव्हा त्याची चौकशी करणाऱ्या सोलापूरच्या चादरवाल्या गृहस्थांनी तो नाद सोडावा.

आता मुद्द्याचे बोलू. अक्षरे येण्याच्या कारणावरून पाडलेली आहेत खरी, पण त्याच कायद्यात दुसरे एक कलम आहे, दोनशे चौदा बी नावाचे. ते म्हणते, की दाराशी आलेला प्रत्येक परदेशी माणूस कायमचा राहायलाच आला आहे असे धरून चालावे. तसे नाही, हे त्याने स्वतः अधिकाऱ्याला पटवून दिले पाहिजे. आपल्या कोर्टात खुनाच्या आरोपीलासुद्धा गुन्हा शाबीत होईपर्यंत निर्दोष धरतात. इथे उलटे. सत्तरीच्या मास्तरांनी सिद्ध करायचे, की मी लेकीकडे राहून जाणार नाही, माझ्या तुळशीवृंदावनाकडे परत येणार आहे.

आणि सिद्ध तरी कसे करायचे? मुंबईची अमेरिकन वकिलात पूर्वी ब्रीच कँडीला लिंकन हाउसमध्ये होती. २०११ पासून ती वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तिथे जाणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या काखोटीला जी फुगलेली पिशवी असते, तीत पेन्शनचे पुस्तक, बँकेच्या ठेवीच्या पावत्या, घराची कागदपत्रे आणि शेताचा सातबारादेखील असतो. काचेपलीकडचा अधिकारी दोन-तीन मिनिटे बोलतो. पुष्कळदा तो पिशवीला हातही लावीत नाही. मुलगी कुठे असते, जावई काय करतो, किती दिवस राहणार, आधी कुठे परदेशी गेला होता का, एवढे विचारतो आणि ठरवतो. नकार मिळाला तर हातात जो कागद ठेवतात, त्यावर ह्याच कलमाचा आकडा असतो. एक लक्षात ठेवा, हा नकार जन्माचा नसतो, पुन्हा अर्ज करता येतो. फी मात्र परत मिळत नाही, आणि २०२३ च्या जूनपासून पाहुण्याच्या अर्जाची फी १८५ डॉलर झाली आहे.

पूर्वी असे नव्हते. आनंदीबाई जोशी १८८३ साली न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा व्हिसा नावाची वस्तूच त्यांना लागली नाही. मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. तो समारंभ पाहायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या. गेल्या समारंभाला आणि राहिल्या दोन वर्षांहून अधिक! बालशिक्षणाच्या पद्धती शिकल्या, गावोगाव व्याख्याने दिली, पुस्तक लिहून छापले, बॉस्टनला आपल्या नावाची संस्था उभी राहिलेली पाहिली आणि तो पैसा घेऊन १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले. आज त्या काचेपुढे उभ्या राहिल्या असत्या तर अधिकाऱ्याने त्यांना कोणते अक्षर दिले असते? समारंभापुरते बी, शिकण्यासाठी एफ. व्याख्यानांचे आणि वर्गणीचे काय करावे, ह्या पेचात वरिष्ठांना बोलवावे लागले असते.

डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबियाला गेले, तेव्हाही व्हिसा नव्हता. परत येण्याचा करार त्यांच्याकडून लिहून घेतला होता, पण तो बडोदे सरकारने : शिष्यवृत्तीच्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी. अमेरिकेने काही लिहून घेतले नाही. त्यानंतर चारच वर्षांनी, १९१७ मध्ये, तिकडे असा कायदा झाला की हिंदुस्थानातून कायमचे राहायला जाणाऱ्यांना दार बंद. विद्यार्थी, प्रवासी असे थोडे लोक तेवढे वगळले. १९४६ साली दार किलकिले झाले. वर्षाला शंभर माणसे. खरे दार उघडले ते १९६५ च्या कायद्याने. बडोद्याचा तो करार मात्र आज जे या अक्षरात जिवंत आहे. या व्हिसावर सरकारी खर्चाने गेलेल्यांना, किंवा तिकडे डॉक्टरकीचे प्रशिक्षण घेणाऱ्यांना, काम संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहून यावे लागते. सूट मिळाली तर गोष्ट वेगळी.

आता एच. बहुतेक पत्रांतली चिंता या अक्षराभोवतीच फिरते आहे. एच-वन-बी हे पदवीधर तज्ज्ञाचे अक्षर. १९९० च्या कायद्याने वर्षाला ६५,००० ही मर्यादा घातली, पुढे तिकडचीच मास्टर्स पदवी असणाऱ्यांसाठी आणखी २०,००० जागा वाढवल्या. अर्ज त्याहून कितीतरी जास्त येत राहिले, म्हणून वर्षानुवर्षे सोडत काढली गेली. इंजिनिअर मुलाचे नशीब आणि लॉटरीचे तिकीट यांत फरक उरला नाही. सप्टेंबर २०२५ च्या जाहीरनाम्याने तर, देशाबाहेरून नव्याने आणायच्या माणसामागे मालकाने एक लाख डॉलर भरावेत, अशी अट घातली.

गंमत अशी, की एच-वन-बीवाल्याला दोनशे चौदा बीचा तो प्रश्न विचारीत नाहीत. कायमचे राहण्याची इच्छा मनात बाळगायला त्याला कायद्यानेच मुभा आहे. मग तो राहतो का? तीन वर्षे आणि आणखी तीन, अशी सहा वर्षे मुदत. तेवढ्यात मालकाने ग्रीन कार्डाचा अर्ज पुढे नेला तर मुदत वाढत राहते. पण नोकरीवरून मिळणारी ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,००० आणि त्यांत कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्के. आइसलंड असो की भारत, हिस्सा तोच! त्यामुळे भारतीयांची रांग वर्षांची न राहता दशकांची झाली आहे. कागदावर ‘तात्पुरता’ असलेला माणूस तिथे घर घेतो, गणपती बसवतो, त्याचे केस पांढरे होतात.

त्या घरात एका वेळी जेवायला कोण बसते ते पाहा. बाप एच-वन-बी. आई एच-फोर, इथे ती दंतवैद्य होती, तिकडे तिने किती वर्षे नुसता स्वयंपाक केला याला गणती नाही, कारण २०१५ पर्यंत एच-फोरला नोकरीची परवानगीच नव्हती, आणि तेव्हापासूनही नवऱ्याचा अर्ज एका टप्प्यापर्यंत पोचला असेल तरच मिळते. शेजारच्या घरातली बाई एलवाल्याची बायको म्हणून २००२ पासून काम करू शकते. हा न्याय मला तरी कळलेला नाही. धाकटा मुलगा पंधरा वर्षांपूर्वी तिथे जन्मला, तो नागरिक. थोरली मुलगी तीन वर्षांची असताना पुण्याहून गेली. तिला २१ वर्षे पूर्ण झाली की कायद्याने ती मूल राहत नाही आणि एच-फोरही राहत नाही. तिने एफवर जावे, नाहीतर ज्या देशाची तिला आजीच्या अंगणापलीकडे आठवण नाही त्या देशात परतावे. आणि पाटावर बसलेली ती आजी, बी-टूवर सहा महिन्यांसाठी आलेली.

प्रत्येक देशाने पाहुण्याला ‘केव्हा जाणार’ हे विचारावे, यात मला गैर काही वाटत नाही. आपले सरकारही विचारतेच. पण जिला राहायचेच नाही त्या म्हातारीकडे पुरावा मागायचा, आणि ज्याला राहायचे आहे, ज्याच्याकडून वीस वर्षे कर घेतला, त्याला तात्पुरताच ठेवायचे, हा हिशेब एका वहीत बसत नाही.

याहून अवघड गोष्ट साताऱ्याच्या एका वाचकाने लिहिली आहे. पासपोर्टावरचा व्हिसा म्हणजे दार ठोठावण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचे ते दुसऱ्या नोंदीवर ठरते. त्यामुळे व्हिसाचा शिक्का संपलेला माणूस आत राहून नोकरी करू शकतो, त्यात बेकायदा काही नाही. पण एकदा बाहेर पडला की परत जाण्यासाठी वकिलातीतून नवा शिक्का हवा. जुलै २००४ पर्यंत एचवाल्यांना तो अमेरिकेतल्या अमेरिकेत मिळत असे. मग ती सोय बंद झाली. २०२४ च्या आरंभी दोन-तीन महिने, वीस हजार अर्जांपुरती, ती पुन्हा करून पाहिली, एवढेच. या गृहस्थांच्या धाकट्या भावाला रात्री फोन गेला तेव्हा त्याचा शिक्का संपून वर्ष झाले होते. मुंबईत मुलाखतीची तारीख केव्हा मिळेल ते कोणी सांगेना. तातडीची मागता येते, मिळेलच असे नाही. तिकडे नोकरी, शाळेत जाणारी मुले, घराचे हप्ते. तो आला नाही. वडिलांना अग्नी पुतण्याने दिला आणि धाकट्याने ते टेलिफोनच्या पडद्यावर पाहिले. ‘आम्ही त्याला दोष द्यावा की नाही?’ असे वाचक विचारतात. देऊ नये, असे माझे मत आहे.

सांगलीच्या एका भगिनींना दहा वर्षांचा व्हिसा मिळाला आहे आणि लेकीकडे दीड-दोन वर्षे राहून यावे असा त्यांचा बेत आहे. तो बेत त्यांनी आजच मोडावा. दहा वर्षे ही दार ठोठावण्याची मुदत आहे. विमानतळावरचा अधिकारी राहण्याची जी तारीख देतो, ती बहुधा सहा महिन्यांची असते. आय-चौऱ्याण्णव नावाची ती नोंद आता संगणकावर पाहता येते. जावयाला सांगून ती तारीख पाहून घ्यावी आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवावी. त्या तारखेनंतर १८० दिवसांहून अधिक राहून निघालात, तर तीन वर्षे पुन्हा प्रवेश नाही. वर्ष ओलांडले तर दहा वर्षे. बाळंतपण लांबले आणि खरोखरच थांबावे लागले, तर मुदत वाढवण्याचा अर्ज करता येतो, पण तो तारीख उलटण्यापूर्वी पोचला पाहिजे. मेतकूट आणि डिंकाचे लाडू किती न्यावेत, असेही त्यांनी विचारले आहे. ते जकातवाल्यांचे खाते. त्याचे पुढच्या खेपेस पाहू.