लिलाव आणि मैदान

'खेळाडू पैशामागे लागले आणि हॉकी बुडाली' हे आपल्याकडील हॉकीप्रेमींचे लाडके रडगाणे. २०२४च्या लिलावात हॉकी इंडिया लीगसाठी हरमनप्रीत सिंगवर ७८ लाखांची बोली लागली. टोकियो (२०२१) आणि पॅरिस (२०२४) अशी दोन ऑलिम्पिक कांस्यपदके मिळवणाऱ्याने फक्त टाळ्यांवर जगावे काय?

मात्र 'तारे चमकले की मुले आपोआप हॉकीकडे वळतील' हा लीगसमर्थकांचा सिद्धान्तही तितकाच पोकळ आहे. वळतील, पण खेळतील कुठे? १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून हा खेळ कृत्रिम मैदानावर गेला. खडबडीत मातीवर चेंडू उसळतो, टर्फवर तो वेगाने सरळ धावतो. मातीवर शिकलेल्या मुलाला पुढे तोच खेळ नव्याने शिकावा लागतो, तोवर निवडीचे वय उलटते. खडकीने धनराज पिल्ले दिला, ओडिशाच्या सुंदरगढने दिलीप तिर्की दिला. तेव्हा कोणतीही लीग नव्हती, खेळणारी वस्ती होती.

तेव्हा खेळाडूच्या मोबदल्याचा हिशेब मांडणाऱ्यांनी आणि लिलावाने दिपून गेलेल्यांनीही आधी एवढेच सांगावे: आपल्या जिल्ह्यातील बारा वर्षांच्या मुलाला टर्फ किती मैलांवर आहे?