दूध यायच्या आधीचे महिने

बाळंतपण न होताही बाईला दूध येऊ शकतं. दत्तक बाळाला आई अंगावर पाजू शकते, सरोगसीने झालेल्या बाळालाही. हे सांगितलं की निम्मे लोक हसतात आणि उरलेले म्हणतात, "एवढा अट्टाहास कशाला? डबा आहे की!" डब्याच्या दुधावर मुलं वाढतात, त्याबद्दल वाद नाही. पण जिला पाजायचंच आहे तिचे दिवस कसे जातात, हे कुणी विचारत नाही.

दूध तयार व्हायला स्तनांना पुन्हा पुन्हा ओढ मिळावी लागते. बाळाची, आणि बाळ अजून घरी आलं नसेल तर पंपाची. दिवसातून आठेक वेळा, त्यात एकदा तरी रात्री उठून. प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं, वर पंपाचे भाग धुवा, उकळा, वाळवा. रोजचे तीन-चार तास सहज जातात. कित्येक दिवस हाती लागतात ते नुसते थेंब. आणि हे सगळं बाळ यायच्या आधी काही आठवडे, कधी काही महिने.

काही जणींना डॉक्टर आधी हार्मोनच्या गोळ्या देतात आणि मग थांबवतात, म्हणजे शरीराला प्रसूती झाल्यासारखं वाटतं. या गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो. दूध वाढावं म्हणून डॉमपेरिडोन देतात, त्याने काहींच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तेव्हा मैत्रिणीची चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जाऊ नका. अळीव, डिंकाचे लाडू खुशाल खा. पण लाडू झोपेची जागा घेत नाही. रात्रीचा पंप तिने केला तर सकाळचं धुणं-उकळणं नवऱ्याने करावं, यात उपकार कसले? स्तनात दुखरी गाठ, लाली आणि ताप आला तर घरी मळत बसू नका, डॉक्टर गाठा.

आता ऑफिस. माझ्या ओळखीतल्या एकीने पंपासाठी जागा मागितली तर उत्तर मिळालं, "पण बाळ कुठाय?" आपल्याकडे एसटी स्टँडवर, सरकारी कार्यालयांत हिरकणी कक्ष असतात (कुलूप नसलं तर). पण तिथेही आपल्या डोळ्यांपुढे कडेवर मूल असलेलीच बाई असते.

कायद्याचंही तेच. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे रजा दिली आणि दत्तक आईला 12, तेही बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर. सोडून दिलेलं तान्हं बाळ दत्तकासाठी कायद्याने मोकळं व्हायलाच दोन महिने जाऊ शकतात. मग कागदपत्रं, मग भेट. ही रजा मिळणार होती कुणाला? या अटीविरुद्ध बायकांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. पण अट बाजूला ठेवली तरी 26 आणि 12 मधला फरक उरतोच. तिचं शरीर झिजलेलं नाही, असा त्यामागचा हिशेब. वरचे तीन परिच्छेद वाचून सांगा, झिजलेलं नाही?

केंद्र सरकार आपल्या महिला कर्मचाऱ्यांना एक वर्षाखालचं मूल दत्तक घेतल्यावर 180 दिवस देतं. म्हणजे ते अशक्य नाही. खासगी नोकरीतल्या बाईला तेवढंच द्या. आणि डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर बाळ यायच्या आधीपासून पंपासाठी वेळ आणि कडी असलेली खोली द्या. संडास नको.

घरच्यांना एकच सांगणं, बाटलीवरच्या रेघा मोजू नका. पुष्कळ जणींना पुरेसं दूध येत नाही, थोडंच येतं. तेव्हा बारीक नळीचं एक टोक स्तनाग्रापाशी चिकटवतात आणि दुसरं वरच्या दुधाच्या भांड्यात. बाळ आईच्या अंगावरच पितं, पोटही भरतं आणि ओढीने दूधही वाढतं. सासूबाईंना नळी दिसली तर दिसू दे. बाळाचं वजन मात्र डॉक्टरांकडे काट्यावर नियमित बघा, आणि ते वाढत नसेल तर वरचं दूध लगेच वाढवा.