राजभवनातला शेतकरी

दसरा उलटला की पाथर्डी-शेवगावकडची माणसे घरांना कुलपे घालून निघतात. भांडीकुंडी, सरपण, शेळ्या आणि पोरेबाळे यांनी भरलेले ट्रक व ट्रॉल्या नगर ओलांडतात आणि त्यांतल्या कित्येक केडगाववरून पुण्याच्या रस्त्याला लागतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पुढचे पाच-सहा महिने परमुलखातल्या उसाच्या फडात. याच रस्त्याकडेला साखरेच्या राजकारणाची गोष्ट निघाली की मोठ्या अभिमानाने विचारले जाते: शेतकऱ्याचे पोर मुख्यमंत्री झाले, राज्यपाल झाले, याहून वेगळी लोकशाही ती कोणती? हा अभिमान ज्यांच्या नावाने मिरवला जातो ते म्हणजे वसंतदादा पाटील. त्या अभिमानाची झडती घेण्याची वेळ आली आहे.

दादांचे मोठेपण नाकारण्याचे काहीच कारण नाही. १९१७ साली जन्मलेला, आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपलेला, शाळा अर्ध्यावर सुटलेला सांगलीजवळच्या पद्माळ्याचा हा तरुण ‘चले जाव’च्या वणव्यात उतरला. २४ जुलै १९४३ रोजी साथीदारांसह त्याने सांगलीचा तुरुंग फोडला. पाठलागात साथी धारातीर्थी पडले, त्याच्या खांद्यात गोळी शिरली. त्या वेळी केडगावपासून काही मैलांवर, नगरच्या किल्ल्यात, काँग्रेसची कार्यकारिणी स्थानबद्ध होती. आदल्या वर्षी जयप्रकाशांनी हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडली होती. तुरुंग दोघांनीही फोडला. पुढे एकाने कोणतेही पद घेतले नाही, दुसऱ्याला एकामागून एक पदे मिळत गेली. पद घेणे हा काही गुन्हा नव्हे. प्रश्न असतो तो पदाचा उपयोग कोणासाठी झाला हा.

स्वातंत्र्यानंतर दादांनी सांगलीत सहकारी साखर कारखाना उभारला. नगर जिल्ह्याने १९५० साली प्रवरानगरला जी वाट पाडली, तीच ही वाट. सावकार व खासगी कारखानदार यांच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या ऊस-उत्पादकाला तिने मालक केले, हे यश खरेच आहे. परंतु मालक झाला कोण? कारखान्याचा सभासद ऊस पिकवणारा. ऊस तोडणारा नव्हे. ज्याच्या विहिरीला वा कालव्याला पाणी, त्याला भाग-भांडवल, मत, संचालकपद आणि कालांतराने विधानसभेचे तिकीट. कोयत्याला मात्र पाचटाची खोप. ‘शेतकरी’ या एकाच शब्दाखाली बागाईतदार व भूमिहीन यांना झाकून टाकण्याची ही किमया जितकी सहकाराची, तितकीच सत्तेची. ही टीका करताना एक कबुली देणेही भाग आहे. जुलै १९७८ मध्ये दादांचे सरकार पाडून आलेल्या पुलोद सरकारात जनता पक्ष होता आणि त्यात समाजवादीही होते. कोयत्याचा प्रश्न त्या सरकारलाही विचारला पाहिजे.

१९८३ साली दादा पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. मुले देणग्या भरून कर्नाटकात जातात, तो पैसा येथेच का राहू नये, असा युक्तिवाद होता. ज्याला स्वतः शिकता आले नाही त्याला शाळेचे मोल अधिक कळावे, अशी अपेक्षा होती. घडले उलटेच. साखरसम्राटांच्या शेजारी शिक्षणसम्राट उभे राहिले, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला महाविद्यालयाच्या दाराशी जमीन गहाण टाकणे भाग पडू लागले.

मग १९८५ आले. प्रदेशाध्यक्षपदी प्रभा राव यांची नेमणूक दिल्लीने परस्पर केली, दादांनी जूनमध्ये मुख्यमंत्रिपद सोडले आणि नोव्हेंबरात त्यांना राजस्थानचे राज्यपाल करून जयपूरला धाडण्यात आले. कौतुकाने सांगितली जाणारी ‘शेतकऱ्याचा राज्यपाल झाला’ ही कथा मुळात अशी आहे. हा शेतकऱ्याचा सन्मान नव्हता. ज्याच्या मागे लोक आहेत अशा माणसाला लोकांपासून दूर नेऊन बसवण्याचा तो सभ्य उपाय होता. घटनेने राज्यपालाला राष्ट्रपतींच्या, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारच्या, मर्जीवर ठेवले आहे. नुकताच सक्रिय राजकारणात असलेला माणूस या पदावर नसावा, असे सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात स्पष्ट म्हटले. आयोग कामाला बसलेला असतानाच केंद्र या नेमणुका करीत होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

जयपुरात दादांच्या हाती काय उरले? १९८७ साली राजस्थानावर शतकातील अत्यंत भीषण दुष्काळांपैकी एक कोसळला. महाराष्ट्राचा बहात्तरचा दुष्काळ पाटबंधारे मंत्री म्हणून पाहिलेला, विहिरीचे व बंधाऱ्याचे गणित तोंडपाठ असलेला हा माणूस त्या वर्षी राजभवनात होता, आणि पाण्याचा एकही निर्णय त्याच्या अधिकारात नव्हता. ४ सप्टेंबर रोजी देवराळ्यात रूपकुंवर ही अठरा वर्षांची विधवा चितेवर जळून मेली. उच्च न्यायालयाचा मनाई हुकूम धाब्यावर बसवून १६ तारखेला तेथे चुनरीचा उत्सव झाला. सरकार पाहत राहिले. सतीविरोधी अध्यादेश निघाला तो १ ऑक्टोबरला. अध्यादेश राज्यपालाच्या नावाने निघतो, पण केव्हा निघावा हे मंत्रिमंडळ ठरवते. राज्यपालाच्या वाट्याला उरते ती सही. त्याच ऑक्टोबरात दादांनी राजभवन सोडले. दीड वर्षाच्या आत, १ मार्च १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

जुलै २०२४ मध्ये त्याच जयपूरच्या राजभवनात महाराष्ट्रातील आणखी एका शेतकरी कुटुंबातील माणसाने, दूध संघ चालवलेल्या व विधानसभेचे अध्यक्षपद भूषवलेल्या हरिभाऊ बागडे यांनी, शपथ घेतली. पक्ष बदलला, प्रथा तीच राहिली. शेतकऱ्याचे पोर पुन्हा राज्यपाल झाल्याचे पेढेही पुन्हा वाटले गेले.

सांगलीच्या कारखान्याला आज दादांचे नाव आहे. परंतु कर्जाच्या ओझ्याखाली सभासदांचा तो कारखाना खासगी कंपनीला भाड्याने चालवावयास द्यावा लागला. केडगाववरून जाणाऱ्या कोयत्याला या बदलाची झळ वेगळी अशी लागत नाही. तो आधीही सभासद नव्हता, आताही नाही. त्याची नोंदणी, त्याच्या बाईला प्रसूतीची रजा, पोरांना फडाजवळ शाळा आणि उचलीच्या हिशेबाची लेखी पावती, एवढ्या चार मागण्या घेऊन येत्या हंगामाआधी पाथर्डी ते केडगाव गावोगाव बैठका घेता येतील. गाड्या निघायला दसऱ्यापर्यंतचाच अवधी आहे.