पाहुण्याची गाडी आणि आपला मोडका हात

परगावची मोटार येते, माणूस पाडते आणि निघून जाते. रस्त्यावरचे रक्त दुसऱ्या दिवशी सुकते. घरातली जखम वर्षानुवर्षे सुकत नाही. परभणी जिल्ह्यातील आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढे आज हाच विषय ठेवीत आहोत. कारण ह्या बाबतीत आपले जेवढे नुकसान मोटारीने होते, तेवढेच पुन्हा आपल्या अज्ञानाने होते.

पाथरी, मानवत, परभणी ह्या गावांवरून 61 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो. कोणी पाथरीस साईबाबांच्या दर्शनाला येतो, कोणी गंगाखेडास जनाबाईच्या, कोणी परभणीच्या उरुसाला. कोणी औंढ्याला किंवा परळीला जाता जाता आपल्या शिवारातून जातो. आलेला पाहुणा आम्हास प्रिय आहे. तहानलेल्यास पाणी द्यावे, चुकलेल्यास वाट दाखवावी, हा आपला धर्मच. पण त्याच रस्त्याच्या कडेने आपली बैलगाडी चालते, आपली बाई डोक्यावर भारा घेऊन घरी येते, आपले पोर शाळेस जाते, आषाढात दिंडी चालते. ज्याला रस्त्याचे वळण ठाऊक नाही आणि रात्रीच्या आत दुसरा जिल्हा गाठावयाचा आहे, असा चालक ह्यात भरधाव शिरला म्हणजे काय होते हे सांगावयास नको.

एक गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना आमची मान खाली जाते. तीन वर्षांमागे आमच्या गावच्या एका सुतारास दिवेलागणीच्या सुमारास परजिल्ह्यातील एका मोटारीने उडविले. उजवा हात कोपरापासून चेंदला. चालक मनुष्य वाईट नव्हता; घाबरला होता. त्याने हात जोडले, गावचे चार शहाणे मध्ये पडले आणि दहा हजार रुपयांवर तोड निघाली. ‘गुरुजी, तुमचे अक्षर चांगले, तुम्हीच लिहा,’ असे कोणी म्हणाले आणि आम्ही तो कागद लिहिला: ‘माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.’ सुताराने डाव्या हाताचा अंगठा उठविला. पोलिसांत वर्दी नाही, पंचनामा नाही. गाडीचा नंबर टिपून ठेवावा एवढेही कोणास सुचले नाही, लिहिणाऱ्या मास्तरासही नाही! दहा हजार पहिल्याच आठवड्यात दवाखान्यात गेले. मग शेळ्या गेल्या, मग बायकोच्या अंगावरचे गेले. आज त्याचा रंधा व पटाशी माळ्यावर गंजत पडली आहेत.

त्या दिवशी आमच्या गावाने तीन चुका केल्या. त्या दुसऱ्या गावाने करू नयेत.

पहिली चूक दयेची. ‘बिचाऱ्याच्या खिशातून किती काढावे?’ असे सर्वांस वाटले. पण मोटार रस्त्यावर आणावयाची तर तिच्यामुळे दुसऱ्याच्या जिवास होणाऱ्या इजेचा विमा उतरलाच पाहिजे, अशी 1988 च्या मोटार वाहन कायद्याची सक्ती आहे. त्याचा हप्ता मालक भरतो तो ह्याच दिवसासाठी. आपण गप्प बसलो म्हणजे दया चालकावर होत नाही, ती विमा कंपनीवर होते. सुताराने कंपनीवर दया करावी, हा न्याय कोणत्या गावचा? विमाच नसेल तर मालक स्वतः देणे लागतो. चालकाच्या परवान्यात खोट निघाली, तरी कंपनीने आधी जखमीस द्यावे आणि मग मालकाकडून वसूल करावे, असे न्यायालयांनी अनेकदा ठरविले आहे.

दुसरी चूक अंतराच्या भीतीची. ‘तो लांबचा, त्याच्या गावी कोण हेलपाटे घालणार?’ अहो, घालावयाचेच नाहीत! त्याच कायद्याच्या 166 व्या कलमाप्रमाणे जखमी मनुष्य आपला दावा जेथे अपघात झाला तेथे, किंवा स्वतः राहतो वा धंदा करतो तेथे, किंवा समोरचा राहतो तेथे, ह्यांपैकी आपल्या सोयीच्या ठिकाणी लावू शकतो. म्हणजे गाडी पुण्याची असो की हैदराबादची, दावा परभणीच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. आणि आपला ऊसतोड मजूर कोल्हापुराकडे किंवा कर्नाटकात गाडीखाली सापडला, तर त्यानेही घरी येऊन येथेच दाद मागावी.

तिसरी चूक हाताची किंमत न कळण्याची. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली एका निकालात ह्याचा फार चांगला उलगडा केला आहे. डॉक्टर दाखल्यावर शेकड्याने अपंगत्व लिहितात, पण भरपाई नुसत्या त्या आकड्यावर ठरवावयाची नाही. त्या मनुष्याच्या कमाईचे काय झाले ते पाहावयाचे. डावा हात गेला तर सरकारी कारकुनाची नोकरी राहू शकते. सुताराची किंवा गाडीवानाची कमाई मात्र जवळजवळ सगळीच बुडते. मग त्याचे नुकसानही तसेच मोजले पाहिजे. तसेच घरकाम करणाऱ्या बाईस मजुरी नाही म्हणून तिच्या श्रमास मोल नाही, असे मानता येणार नाही, हेही त्याच न्यायालयाने 2021 साली बजावले आहे. दहा हजारांवर तोड काढणाऱ्या आमच्या शहाण्यांनी रंधा धरणाऱ्या हाताचा हिशेब केलाच नव्हता.

आता करावे काय ते सांगतो. प्रथम जखमीस दवाखान्यात न्या. 2025 पासून सरकारची योजना आहे की, नेमलेल्या दवाखान्यात अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न घेता व्हावेत. ती मागून घ्या. कागदावर ‘पडला’ असे मोघम न लिहिता ‘मोटारीने धडक दिली’ असे लिहवा. दुसऱ्या कोणी गाडीचा नंबर टिपावा, मोबाइलवर तिचे चित्र घ्यावे. एमएच 22 ही आपल्या जिल्ह्याची खूण. दुसरा आकडा दिसला तर तो आधी लिहा, कारण ती गाडी पुन्हा दिसणार नाही. नंबरावरून मालक आणि विमा दोन्ही निघतात. त्याच दिवशी फिर्याद द्या आणि तिची प्रत फुकट मिळते ती घ्या. 1 एप्रिल 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी 48 तासांत पहिला अहवाल न्यायाधिकरणास पाठवावयाचा आहे आणि 90 दिवसांत सविस्तर. तो गेला की नाही, हे विचारण्यास लाजू नका.

त्याच तारखेपासून दाव्यास सहा महिन्यांची मुदत पडली आहे. ह्या मुदतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात तक्रार झाली आणि 2025 साली, केवळ उशिराच्या कारणाने अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम हुकूम निघाला. तरी त्या भरवशावर पीक सोडून बसू नये. दोष सिद्ध न करताही मोठ्या इजेस अडीच लाख आणि मृत्यूस पाच लाख मिळण्याची तरतूद आहे. पण तडजोडीत ती रक्कम स्वीकारली की लावलेला मोठा दावा संपतो, म्हणून सही करण्यापूर्वी वकिलास विचारा. गाडी सापडलीच नाही, तर तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करा. मोठ्या इजेस 50 हजार आणि मृत्यूस दोन लाख ठरलेले आहेत.

वकिलास पैसा नाही म्हणून दलालाच्या टक्क्यात सापडू नका. परभणीच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि अल्प उत्पन्नाचे लोक ह्यांस तेथे फुकट वकील मिळतो. आणि एक कानपिचकी आपल्यासही: खोटी गाडी उभी करून खोटा दावा लावू नका; त्याने दहा खऱ्यांचे तोंड काळे होते. अंधारात बैलगाडीस मागे लाल चकाकी लावा. आपली चूक निघाली तर तेवढी भरपाई कापली जाते.

कोणी म्हणेल, गुरुजी गावास कोर्टबाजी शिकवितात. नाही. भांडण आम्हास नकोच. पण गरिबाने सोडून द्यावयाचे आणि दुसऱ्याने सुटून जावयाचे, ह्यास तडजोड म्हणत नाहीत. पाहुण्यास मारू नका, त्याची गाडी फोडू नका. त्यास पाणी द्या, आणि पोलिस येईपर्यंत बसवून ठेवा.

हा लेख ज्यास वाचता येतो त्याने पारावर चार जणांस वाचून दाखवावा. आमच्या अक्षरात लिहिलेला तो एक कागद आम्हास परत घेता येत नाही. पण पुन्हा कोणी ‘गुरुजी, लिहा,’ म्हणत आला, तर आमचे अक्षर फिर्यादीच्या कागदावर उमटेल, एवढे वचन देतो.