घर बांधायला ठेकेदार नेमावा की आपणच उभे राहावे?

घराचे काम काढायचे ठरले की कुटुंबात पहिला वाद हाच होतो. सगळे काम मालासकट ठेकेदाराला द्यायचे, की गवंडी मजुरीवर लावून सिमेंट, रेती, सळया आपण आणायच्या? ठेकेदार दिला तर डोक्याचा ताप कमी होतो, आपण उभे राहिलो तर पैसे वाचतात, असे सर्वसाधारण गणित असते. आम्हाला वाटते, या गणितात एक गोष्ट सुटते: भिंतीच्या आत काय गेले, हे कोणी पाहिले?

डहाणू-तलासरी पट्ट्यातील सायवन आणि आसपासच्या गावांत हा प्रश्न जिवाशी जोडलेला आहे. नोव्हेंबर २०१८ पासून या भागाला भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडीचे नाव तेव्हा सर्वांच्या तोंडी होते. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. भीतीने माणसे थंडीत घराबाहेर झोपली. कारवीच्या कुडाची, शेणामातीने सारवलेली जुनी घरे हलकी असतात. त्यांच्या जागी विटा आणि स्लॅबचे घर बांधले की वजन वाढते, आणि ते वजन पेलणारी बांधणी नीट नसेल तर तेच घर अंगावर येते.

सरकारी घरकुलाचा नियम या बाबतीत लक्षात घेण्यासारखा आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये सपाट भागासाठी १,२०,००० व डोंगराळ भागासाठी १,३०,००० रुपये साहाय्य ठरले. ते हप्त्याहप्त्याने थेट लाभार्थ्याच्या खात्यात येते. घर लाभार्थ्याने स्वतः बांधावे, खात्याने ठेकेदार नेमू नये, असे योजनेचे धोरण आहे. किमान २५ चौरस मीटरच्या या घरासाठी रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरीही मिळते.

मराठवाड्याचा अनुभवही हेच सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सर्वाधिक हानी झालेली गावे नव्या जागी वसवली गेली. तिथली बहुतेक घरे ठेकेदारांनी व संस्थांनी बांधून दिली. पण दीड लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुती घरमालकांनीच सरकारी मदत व अभियंत्यांचे मार्गदर्शन घेऊन केली. गावोगावच्या बायाही कामावर लक्ष ठेवायला पुढे आल्या.

मग सगळ्यांनी स्वतःच उभे राहावे का? घरचा कर्ता माणूस वापीला, बोईसरला किंवा आखातात नोकरीला असेल तर ते जमत नाही. अशांसाठी मधला मार्ग बरा: माल आपला, काम मजुरीच्या दराने गवंड्याकडे, आणि आराखडा व तपासणीसाठी एखादा अभियंता. रोजची वही घरातल्या बाईने ठेवावी. किती गोण्या आल्या, किती लागल्या, किती ब्रास रेती उतरली, हे लिहायला अभियंता लागत नाही.

पूर्ण ठेका दिला तरी देखरेख ठेक्याने देता येत नाही. चार गोष्टी मात्र पाहाव्याच:

• जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली काँक्रीटची सलग पट्टी चारही भिंतींवरून फिरली पाहिजे.

• खांबातल्या रिंगांची टोके आत वळवलेली हवीत. काँक्रीट ओतण्याआधी फोटो काढून ठेवा.

• स्लॅबला किमान सात दिवस, शक्यतो चौदा दिवस पाणी मारा. उन्हाळ्यात विहिरी आटतात, म्हणून काम दिवाळीनंतर लगेच काढा.

• पैसे टप्प्याने द्या: जोते, लिंटल, स्लॅब, गिलावा. शेवटचा हप्ता काम पाहूनच.

आणि हे सगळे कागदावर असावे: दर, मालाचा दर्जा, मुदत, दोन साक्षीदारांच्या सह्या. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण आपल्या घरांत नवी नाही. ठेकेदार ओळखीतला किंवा नात्यातला असला की आपण संकोचतो. खरे तर नाते टिकावे म्हणूनच कागद करायचा असतो.

ठेकेदार काम संपवून पुढच्या गावी जातो. त्या छताखाली झोपायचे असते ते आपल्या मुलाबाळांना. म्हणून काम कोणाकडेही द्या, पण काँक्रीट पडेल त्या दिवशी घरचे एक माणूस तिथे उभे असू द्या.