तळे चौघांचे, कुलूप कोणाचे?



उन्हाळ्याची सुट्टी लागली की मीरा रोड-भाईंदरकडे नोकरीधंद्याला गेलेल्या आपल्या मंडळींची मुले गावी येतात. तिकडे जेथे पूर्वी मिठागरे आणि भातखाचरे होती, तेथे आता उंच इमारती आहेत आणि कित्येक इमारतींच्या आवारात रहिवाशांचा सामाईक तरणतलाव आहे. एका अंगाला उथळ पाणी, उतरायला पायऱ्या, धरायला दांडी. आपले शेततळे पाहिले की त्या मुलांना तसेच काहीतरी वाटते. परंतु तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशा आपल्या तळ्याला उथळ बाजू मुळी नसतेच. शिवाय आतला प्लॅस्टिकचा कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की पोहता येणाऱ्या माणसालाही काठ चढता येत नाही.

पायऱ्या आणि दांडी असूनही शहरात मुले बुडतात. भाईंदरला महानगरपालिकेच्या तरणतलावात एप्रिल 2025 मध्ये अकरा वर्षांचा एक मुलगा बुडून गेला आणि तलाव चालविणाऱ्यांवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदला गेला. इमारतींच्या तलावाचेही तसेच. तेथील गृहनिर्माण संस्था आपल्या विकास सोसायटीप्रमाणे 1960 च्या सहकार कायद्याखालीच चालते. तलाव सर्व सभासदांचा असला तरी त्याची देखभाल ज्यांच्या हाती, म्हणजे व्यवस्थापक समिती, नेमलेला ठेकेदार, आणि इमारत ताब्यात दिली नसेल तर बिल्डर, त्यांना जाब द्यावा लागतो. "आपापल्या जबाबदारीवर पोहावे" असा फलक लावला म्हणजे सुटका होते, हा गैरसमज आहे. चार वर्षांच्या मुलाला फलक कोठे वाचता येतो?

केरळात कोवळम येथे सरकारी पर्यटन महामंडळाच्या हॉटेलात 2006 साली एक पाहुणा तलावात बुडाला. जीवरक्षक नेमलेला होता, पण त्याच्याकडेच बारमध्ये दारू देण्याचेही काम होते! सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये महामंडळाला जबाबदार धरले आणि साडेबासष्ट लाख रुपयांची भरपाई कायम केली. माणूस नुसता कागदावर नेमून भागत नाही, तो पाण्याजवळ हजर पाहिजे.

आता आपल्या रानात या. गेल्या वर्षी चार भावांच्या सामाईक तळ्यावर गेलो होतो. कुंपण होते, फाटक उघडे. कुलूप कोण लावतो, असे विचारले. थोरल्याने मधल्याकडे बोट केले, मधल्याने धाकट्याकडे, आणि धाकटा म्हणाला, "साहेब, तळं सगळ्यांचंच हाय की!" मी काही बोललो नाही, पण मनात म्हटले, उद्या पोलीस पंचनाम्याला आले तर हेच उत्तर देणार काय?

कायदा असे उत्तर मानत नाही. हयगयीने कोणाचा मृत्यू घडविल्यास पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 304-अ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली ती पाच वर्षांपर्यंत आणि दंड अशी झाली आहे. फौजदारी खटल्यात हयगय कोणाची, हे सिद्ध करावे लागते. सातबारावर नाव आहे एवढ्याने कोणी तुरुंगात जात नाही. भरपाईच्या दाव्यात मात्र दोष सर्वांचा ठरला तर सगळी रक्कम एकाच भागीदाराकडून वसूल होऊ शकते. मग त्याने उरलेल्यांच्या मागे लागत बसावे. "पोर न विचारता आमच्या रानात शिरलं" हेही पुरेसे नाही, कारण पाण्याची मुलांना ओढ असते हे मालकाला ठाऊक असायला हवे, असे न्यायालये धरतात.

उघड्या बोअरवेलबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये नियमच घालून दिले. काम चालू असताना भोवती कुंपण, केसिंगला पक्के झाकण, आणि निकामी बोअर तळापासून वरपर्यंत बुजविणे. आपल्यापैकी किती जणांनी ते केले आहे?

तेव्हा भागीदारांनी एकत्र बसून कुलपाचा माणूस ठरवावा, तो गावाला गेला तर बदली कोण हेही ठरवावे, आणि साध्या कागदावर लिहून चौघांनी सह्या कराव्यात. हा कागद सुटकेचा दाखला नव्हे; काम कोणाचे याचा घोळ राहू नये म्हणून तो हवा. तळ्याच्या चारही बाजूंना काठावरच्या खुंटांना जाड दोर बांधून तो गाठी मारून पाण्यात सोडावा. हवा भरलेली जुनी ट्यूब दोराच्या टोकाला बांधली तर आणखी चांगले. ऊन दोर खाते, म्हणून दरवर्षी तो ओढून पाहावा. खर्च कुंपणाच्या मानाने काहीच नाही. आणि सुट्टीत पाहुणी मुले आली की पहिल्याच दिवशी त्यांना तळे लांबून दाखवून येथे उथळ बाजू नाही हे समजावून सांगावे.

त्या चार भावांकडे परवा पुन्हा गेलो. फाटकाला कुलूप होते. किल्ली धाकट्याच्या ओसरीवर खिळ्याला टांगलेली, त्याच्या पाच वर्षांच्या मुलाचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर. खिळा वर ठोकून घेतला, मगच चहा घेतला.